खड्ड्यांचा मुलूख, बदकांचं माहेर

मुलांनो, ‘खड्डा’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पावसाळ्यातला आपला रस्ता, त्यात साचलेलं गढूळ पाणी आणि रिक्षात बसलेल्या आजीचं ‘अरे, जरा हळू रे बाबा!’ बरोबर ना? आज मी तुम्हाला एका अशा मुलखात नेणार आहे, जिथं खड्डेच खड्डे आहेत. शे-दोनशे नव्हे, लाखो! आणि गंमत म्हणजे तिथला एखादा खड्डा कुणी बुजवला, तर हळहळणारी माणसंही तिथं आहेत.

ॲटलास घ्या पाहू हातात. उत्तर अमेरिकेचं पान उघडा. कॅनडा आणि अमेरिका यांची सरहद्द पश्चिमेकडे कशी फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ आहे, पाहिलीत? त्या रेघेच्या साधारण मधोमध बोट ठेवा. वरच्या अंगाला कॅनडातले अल्बर्टा, सस्कॅचवान आणि मॅनिटोबा हे प्रांत. खालच्या अंगाला अमेरिकेतली मोंटाना, उत्तर डाकोटा, दक्षिण डाकोटा, मिनेसोटा आणि आयोवा ही राज्यं. या सगळ्यांचे तुकडे मिळून जो पट्टा होतो, त्याचं नाव आहे ‘प्रेअरी पॉटहोल’ प्रदेश. प्रेअरी म्हणजे गवताळ माळ, आणि पॉटहोल म्हणजे, हो, खड्डा! क्षेत्रफळ सात लाख चौरस किलोमीटरांहून जास्त. आपला महाराष्ट्र तीन लाख सात हजारांचा. म्हणजे दोन महाराष्ट्र त्यात मावून वर जागा उरेल.

हे खड्डे खणले कुणी? बर्फानं. शेवटचं हिमयुग संपत आलं तेव्हा, म्हणजे सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी, इथं शेकडो मीटर जाडीचा बर्फाचा थर होता. तो हळूहळू उत्तरेकडे मागे हटला. जाताना त्यानं वाटेतली खरडून आणलेली माती, वाळू, दगडगोटे तिथंच टाकले, आणि त्या मातीत बर्फाचे प्रचंड ठोकळेही गाडले गेले. ठोकळे सावकाश वितळले, वरची माती खाली बसली आणि तिथं खळगा झाला. तुम्हाला हे घरी करून बघता येईल. कुंडीतल्या ओल्या मातीत बर्फाचा मोठा खडा दाबून बसवा, वर पातळसा मातीचा थर द्या. संध्याकाळी बघा, खडा गेलेला असेल आणि मागे वाटीसारखा खळगा राहिलेला असेल. (आईला विचारून करा. कुंडीतलं रोप उपटायचं नाही!)

एवढी वर्षं झाली तरी हा प्रदेश भूगोलाच्या हिशेबानं अगदी तान्हा आहे. सगळे खळगे एकमेकांना जोडून पाणी वाहून नेणाऱ्या नद्या-ओढे तयार व्हायला त्याला अजून पुरेसा वेळच मिळालेला नाही. त्यामुळे खळग्यात आलेलं पाणी खळग्यातच राहतं. काही भागांत एका चौरस किलोमीटरात चाळीसपर्यंत तळी सापडतात. विमानातून पाहिलं तर वाटावं, कुणीतरी आरसा फोडून त्याचे तुकडे माळभर उधळून दिलेत.

आता आपण खाली उतरू. उत्तर डाकोटा राज्यातल्या फार्गो शहरातून गाडीनं पश्चिमेकडे निघायचं. सुरुवातीचा प्रदेश पोळपाटासारखा सपाट आहे. तोसुद्धा एका फार मोठ्या जुन्या सरोवराचा तळ बरं का! दीडशे किलोमीटरांवर जेम्सटाउन लागतं. तिथं बायसन नावाच्या रानगव्यासारख्या प्राण्याचा सव्वीस फूट उंच काँक्रीटचा पुतळा आहे. १९५९ साली उभारलेला हा पुतळा जगातला सर्वांत मोठा बायसन म्हणून मिरवतो. आपल्याला मात्र त्याच्यापुढे फोटो काढून लगेच निघायचंय, कारण जेम्सटाउनच्या पश्चिमेला जमीन उंचसखल व्हायला लागते. या टेकड्यांच्या पट्ट्याला ‘मिझुरी कोटो’ म्हणतात. कोटो हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘लहान टेकडी’. टेकडी, मग तळं, मग टेकडी, मग दोन तळी, असा हा प्रदेश. इथले रस्ते वहीतल्या चौकटींसारखे आखलेले आहेत, पुष्कळ ठिकाणी दर मैलावर एक. चौकटीत गहू, सोयाबीन, मका, सूर्यफूल. आणि त्या शेतांच्या मधोमध, कुणाचीही परवानगी न घेता बसलेली तळी. ट्रॅक्टर त्यांना वळसा घालून जातो.

हा वळसा लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतली खरी अडचण तिथंच आहे. पण आधी पाहुणे येऊ देत.

इथला हिवाळा भयंकर. पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, तळी दगडासारखी गोठतात. मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापू लागलं की माळावरचं बर्फ वितळतं. पण खालची जमीन अजून गोठलेलीच असते, पाणी जिरणार कुठं? ते उतारानं खळग्यात जमा होतं. काही डबकी जेमतेम दोन-चार आठवडे टिकतात. काही जुलैपर्यंत. काही पाऊस बरा झाला तर वर्षभर. रॉबर्ट स्टुअर्ट आणि हॅरॉल्ड कँट्रड या दोघांनी १९७१ साली या तळ्यांची प्रतवारी लावून दिली. पाणी किती दिवस टिकतं आणि कुठल्या पाण्यात कोणती वनस्पती वाढते, यावरून. तुम्ही म्हणाल, दोन आठवड्यांच्या डबक्याची कसली आलीय प्रतवारी! थांबा जरा.

याच वेळी दक्षिणेकडून बदकं यायला लागतात. हिरव्यागार डोक्याचं मॅलार्ड (आपल्याकडच्या पाळीव बदकांच्या बहुतेक जातींचा हाच मूळपुरुष), निळ्या पंखांचं टील, लालसर मानेचं कॅनव्हासबॅक, आणि तीन अशी, जी तुमच्यापैकी काहींनी प्रत्यक्ष पाहिलेली असतील. शेपटी तलवारीसारखी लांब असणारं तलवार बदक, उलथन्यासारख्या चोचीचं थापट्या बदक आणि करड्या रंगाचं गॅडवॉल. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला किंवा जायकवाडीला दुर्बीण घेऊन गेलात तर ही तिन्ही दिसतात. आपल्याकडे येणारी बदकं आशियाच्या उत्तर भागातून येतात, ही अमेरिकेतली. पण जात तीच, चोच तीच, सवयीही त्याच. चुलत भावंडं म्हणा हवं तर!

ही बदकं इथं येतात ती बाळंतपणाला. आणि ‘माहेर’ हा शब्द मी उगीच वापरलेला नाही. बदकांच्या जोड्या हिवाळ्यातच दूर दक्षिणेत जमतात. वसंतात परतायची वेळ झाली की मादी, विशेषतः मॅलार्डची, शक्यतो आपण जिथं जन्मलो त्याच भागाकडे निघते, आणि नर तिच्या मागोमाग जातो. म्हणजे सगळे नर घरजावईच की! अर्थात जावईबापूंचा मुक्काम फार नसतो. मादी अंड्यांवर बसली की हे महाशय लवकरच पसार होतात आणि मित्रांबरोबर एखाद्या मोठ्या तळ्यावर जाऊन राहतात. पुढचं सगळं तिच्या एकटीवर.

आता त्या दोन आठवड्यांच्या डबक्याकडे वळू. एप्रिलमध्ये मोठ्या तळ्यावर अजून बर्फाचा पापुद्रा असतो. उथळ डबकं मात्र लवकर तापतं. त्याच्या चिखलात कीटकांची, गोगलगायींची आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांची अंडी आधीच दडलेली असतात. पाणी लागलं आणि ऊब मिळाली की डबकं वळवळायला लागतं. मादीला नेमकं तेच हवं असतं. मॅलार्डची मादी साधारण नऊ-दहा अंडी घालते. त्या सगळ्यांचं वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं भरतं! एवढी प्रथिनं आणायची कुठून? कवचाला लागणारा चुना आणायचा कुठून? दाणे टिपून ते भागत नाही. एरवी बिया-पानं खाणारी मादी या दिवसांत किडे आणि गोगलगायी हुडकत हिंडते. बाळंतिणीला खारीक-डिंकाचे लाडू देतात ना, तसा हा खुराक समजा. तो मिळतो या क्षुद्र वाटणाऱ्या डबक्यांत.

आणखी एक कारण आहे. या दिवसांत नर मोठे भांडखोर होतात. आपल्या मादीच्या जवळपास दुसरा नर दिसला की त्याला हुसकून लावतात. एकच मोठं तळं असेल तर सगळे एकमेकांना दिसणार आणि दिवसभर मारामाऱ्या चालणार. पण तेवढंच पाणी दहा लहान डबक्यांत विभागलेलं असेल, मध्ये टेकाडं असतील, तर दहा जोड्या सुखानं नांदतात. चाळीतल्या दहा खोल्या आणि एक मोठा हॉल यांत जो फरक, तोच इथं.

बरं, घरटं कुठं? तुम्ही म्हणाल, पाण्यात. काही जाती तसं करतातही. कॅनव्हासबॅक पाण्यात उभ्या असलेल्या पाणकणसांत घरटं रचतं. पण मॅलार्ड, टील, तलवार, थापट्या, गॅडवॉल यांची घरटी जमिनीवर, गवतात असतात, कधी पाण्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवरसुद्धा. मादी गवतात एक खळगी करते, छातीची मऊ पिसं उपटून तिला अस्तर लावते आणि अंडी घातली की सव्वीस-अठ्ठावीस दिवस त्यांवर बसून राहते. एवढे दिवस तिला सांभाळायला गवताशिवाय कुणी नसतं.

म्हणून तिथले शास्त्रज्ञ नुसतं पाणी मोजत नाहीत, गवतही मोजतात. घरटी शोधायची त्यांची रीत ऐका. दोन गाड्या समांतर चालवायच्या. दोन्हींच्या मध्ये लांबलचक साखळी बांधायची आणि ती गवतावरून ओढत न्यायची. साखळी डोक्यावरून सळसळत आली की मादी फडफडत उडते. गाडी थांबते, माणूस उतरतो, हळूच गवत बाजूला करतो. मग तो एक अंडं उचलून रबरी नळीच्या तुकड्याच्या टोकाशी धरतो आणि दुसऱ्या टोकानं सूर्याकडे बघतो. आत गर्भ किती वाढलाय ते उजेडात कळतं! त्यावरून पिल्लं बाहेर यायला किती दिवस आहेत त्याचा अंदाज घ्यायचा, अंडं जागेवर ठेवायचं, घरटं पिसांनी झाकायचं, थोड्या अंतरावर खुणेची काठी रोवायची आणि निघायचं. काही दिवसांनी पुन्हा यायचं, घरटं तरलं की गेलं ते पाहायला.

बहुतेक वेळा ते गेलेलं असतं. दचकलात? तांबडा कोल्हा, रॅकून, स्कंक अशी पुष्कळ मंडळी अंड्यांवर टपलेली असतात. शंभर घरट्यांपैकी पंधरा-वीस घरट्यांत पिल्लं बाहेर आली, तरी मॅलार्डची संख्या टिकून राहते, कारण एक घरटं मोडलं तर मादी पुन्हा प्रयत्न करते. पण पंधराच्या खाली गेलं की दरवर्षी बदकं कमी कमी होत जातात. आणि हा आकडा ठरतो गवतावर. मैलभर पसरलेल्या माळात कोल्ह्यानं शोधायचं तरी किती! पण सगळं नांगरून बांधाला फक्त एक गवताची पट्टी उरली असेल, तर सगळी बदकं त्या पट्टीतच घरटी करणार, आणि कोल्हा रोज संध्याकाळी त्या पट्टीतून एक फेरी मारणार. संपलं.

इथं एक मजेदार गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तिथं कोयोटी नावाचा, कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा एक प्राणी आहे. डाकोटात अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा जिथं तांबड्या कोल्ह्यांचं राज्य होतं, तिथं शंभरांपैकी सतराच्या आसपास घरटी तरली, आणि जिथं कोयोटी होते तिथं बत्तीसच्या आसपास! कोयोटी काही बदकांचा साधुसंत रक्षक नाही, सापडली तर तोही अंडी खातो. पण तो आपल्या हद्दीत कोल्ह्यांना टिकू देत नाही, आणि त्याची हद्द मोठी असल्यामुळे त्याची संख्या कमी असते. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं मारलेला हा प्राणी असा बदकांच्या कामी आला.

अंडी फुटली की एका दिवसाच्या आत आई पिल्लांना घेऊन पाण्याकडे निघते. गवतातून, नांगरटीतून, कधी रस्ता ओलांडून ती वरात चालते. पिल्लांना उडता यायला पन्नास-साठ दिवस लागतात. तोवर त्यांना असं तळं हवं, जे जुलै-ऑगस्टपर्यंत आटणार नाही. म्हणजे बघा, एकाच बदकाला एप्रिलमध्ये उथळ डबकं लागतं, मेमध्ये गवत लागतं आणि जुलैमध्ये टिकाऊ तळं लागतं. तिन्ही जवळजवळ हवीत, कारण पिल्लांना अजून पंख फुटलेले नाहीत.

आता त्या वळसा घालणाऱ्या ट्रॅक्टरवर बसू या. शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुमची जमीन काळीभोर, कसदार. तिच्या मधोमध पाच-सात डबकी. प्रत्येकाला वळसा घालताना डिझेल जास्त जातं, काही जागी बी दुबार पडतं, काही जागा कोरी राहते. हल्लीची फवारणी यंत्रं तीस-तीस मीटर रुंदीची, ती वळवायची म्हणजे कसरतच. बँकेचं कर्ज आहे, मक्याला भाव आहे, आणि डबक्याला कुणी भाव देत नाही. जमिनीखाली भोकं असलेल्या नळ्या पुरल्या की पाणी ओढ्याकडे निघून जातं आणि डबक्याच्या जागी मका उभा राहतो. तुम्ही काय कराल? त्या शेतकऱ्याला खलनायक ठरवणं फार सोपं आहे. मला ते बरोबर वाटत नाही. त्याच्या मक्यावर आणि गव्हावर किती तरी घरं जेवतात.

पण अशा एकेका नळीचा हिशेब एकत्र केला की आकडा घाबरवतो. गोऱ्या वसाहतवाल्यांनी नांगर धरल्यापासून १९८० च्या दशकापर्यंत आयोवा राज्यातली शंभरांतली एकोणनव्वद टक्के पाणथळ जमीन गेली. उत्तर डाकोटातली एकोणपन्नास टक्के, दक्षिण डाकोटातली पस्तीस टक्के. सर्वांत आधी जातात ती तीच, एप्रिलची उथळ डबकी. निचरा करायला तीच सोपी असतात आणि ‘एवढंसं तर आहे’ असं वाटायला लावतात.

तलवार बदकाची कथा तर आणखी वाईट. ते फार लवकर येतं आणि त्याला विरळ, बुटकं गवत आवडतं. गेल्या वर्षीच्या गव्हाचे वाळके धसकटं उरलेलं शेत त्याला हुबेहूब तसा माळ वाटतो. मादी तिथं अंडी घालते, आणि मग मे महिन्यात शेतकरी पेरणीसाठी ते शेत नांगरायला येतो. बाकीच्या काही जाती नव्यानं घरटं करतात, पण तलवार बदक तेवढी चिकाटी दाखवत नाही. १९५० च्या दशकाच्या मध्याला या बदकांची संख्या जवळजवळ एक कोटी होती. २००२ मध्ये ती अठरा लाखांच्या आसपास आली, आणि मधल्या काळात थोडी वाढून २०२२ मध्ये पुन्हा तिथंच. यावर एक साधा उपाय सापडला. हिवाळी गहू! तो शरद ऋतूत पेरतात, त्यामुळे वसंतात शेत नांगरावं लागत नाही आणि हिरव्या पिकातली घरटी शांत राहतात. शेतकऱ्याला गहू, बदकाला घर. मात्र सगळ्यांनीच हिवाळी गहू पेरावा इतकी तिथली थंडी दयाळू नाही.

हे सगळे आकडे कळतात कसे, असा प्रश्न पडला असेल. १९५५ पासून दर मे महिन्यात अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांचे वैमानिक-शास्त्रज्ञ लहान विमानं घेऊन ठरलेल्या रेषांवरून उडतात. उंची किती? जेमतेम दीडशे फूट! एक जण विमान सांभाळत एका बाजूची बदकं मोजतो, दुसरा दुसऱ्या बाजूची. आणि बदकांबरोबर ते तळीही मोजतात. ज्या मे महिन्यात तळी जास्त, त्या वर्षी बहुधा पिल्लंही जास्त. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं सोडली (कोरोनामुळे उड्डाणं झाली नाहीत), तर ही वही अखंड भरली जाते आहे.

त्याच्याही आधीची एक गोष्ट. १९३० च्या दशकात या माळांवर भीषण दुष्काळ पडला. नांगरलेली माती वाऱ्यानं उडून आकाश काळं झालं, तळी आटली, बदकं संपत आली. तेव्हा जे डार्लिंग नावाचा एक व्यंगचित्रकार होता. सगळे त्याला ‘डिंग’ म्हणत. तो राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर सडकून टीका करणारा, आणि रूझवेल्टनी काय करावं? त्यालाच बोलावून वन्यजीव खात्याचा प्रमुख केलं! १९३४ मध्ये कायदा झाला. बदकांची शिकार करणाऱ्या प्रत्येकानं दरवर्षी एक डॉलरचं तिकीट विकत घ्यायचं आणि त्या पैशांतून बदकांसाठी जागा राखायच्या. पहिल्या तिकिटावरचं पाण्यावर उतरणाऱ्या मॅलार्डच्या जोडीचं चित्र डिंगनं स्वतःच काढलं. आज ते तिकीट पंचवीस डॉलरचं आहे, आणि आजवर त्यातून साठ लाख एकरांच्या आसपास जमीन राखली गेली आहे. शिकाऱ्यांच्या पैशांतून बदकांचं रक्षण! मला स्वतःला बंदूक आवडत नाही, पण हा हिशेब नाकारता येत नाही. तुमच्यासाठी गमतीची बाब म्हणजे तिथल्या शाळकरी मुलांसाठीही असं एक तिकीट आहे. त्याची देशपातळीवरची चित्रस्पर्धा १९९३ पासून होते, आणि पहिल्या आलेल्या मुलाचं किंवा मुलीचं चित्र तिकिटावर छापून येतं.

तिकिटांनी जागा राखल्या, पण सगळा माळ काही विकत घेता येत नाही. तो शेतकऱ्यांच्याच मालकीचा. १९८० च्या दशकात पुन्हा दुष्काळ पडला आणि मोजणीतला एकूण आकडा अडीच कोटींच्या आसपास घसरला. १९८५ च्या शेती कायद्यात अमेरिकेनं दोन गोष्टी केल्या. पहिली, पाणथळ जागा कोरडी करून जो पीक घेईल त्याची सरकारी मदत बंद. दुसरी अधिक गोड. ज्या जमिनीची धूप होते, तिथं पीक न घेता दहा ते पंधरा वर्षं गवत ठेवा, सरकार तुम्हाला दरवर्षी भाडं देईल. म्हणजे डबक्याला नाही तरी गवताला भाव आला! माळावर लाखो एकर गवत परतलं. बदकं मात्र लगेच वाढली नाहीत, कारण पाणीच नव्हतं. मग १९९३-९४ मध्ये पाऊस आला, तळी भरली, आणि या वेळी तळ्यांभोवती गवत तयार होतं. अभ्यासकांनी हिशेब मांडला. १९९२ ते १९९७ या सहा वर्षांत केवळ या गवतामुळे सुमारे एक कोटी चोवीस लाख बदकं जास्तीची जन्मली.

यातली आणखी एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. दुष्काळ हा या तळ्यांचा शत्रू नाही. अधूनमधून तळं आटलं की तळाचा गाळ उन्हानं तापतो, कुजतो, त्याचं खत होतं, नवी पाणवनस्पती रुजते. पुन्हा पाणी आलं की ते तळं पहिल्यापेक्षा अधिक जिवंत होतं. चिखलात दडलेली अंडी वाटच पाहत असतात. आटलेलं तळं म्हणजे झोपलेलं तळं. नळी घातलेलं तळं मात्र कितीही पाऊस पडला तरी उठत नाही.

पुढे काय झालं? २००७ च्या सुमारास मक्यापासून इंधन करायची लाट आली, मक्याचे भाव चढले. गवताच्या भाड्यापेक्षा मका परवडू लागला. करार संपले तसे शेतकऱ्यांनी नांगर बाहेर काढले. उत्तर डाकोटात तीस लाख एकरांवर गेलेलं करारातलं गवत काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं. ओली वर्षं होती तोवर ते कुणाला फारसं जाणवलं नाही. २०११ च्या मे महिन्यात ऐंशी लाखांहून जास्त तळी मोजली गेली आणि २०१५ मध्ये बदकांची संख्या चार कोटी पंच्याण्णव लाख झाली. मोजणी सुरू झाल्यापासूनचा हा उच्चांक! मग कोरडी वर्षं आली. २०२३ मध्ये आकडा तीन कोटी तेवीस लाखांवर उतरला, २०२४ मध्ये तीन कोटी चाळीस लाख. आता प्रश्न असा, की पुढची ओली वर्षं येतील तेव्हा तळ्यांभोवती किती गवत उरलेलं असेल?

माळावर गुरं पाळणारे शेतकरीही आहेत. त्यांच्याकडे तळं म्हणजे गुरांचं पाणी आणि गवत म्हणजे चारा, त्यामुळे दोन्ही टिकतं. आपल्याकडेही हळदी-कुंकू बदक (चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी कुंकू लावल्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव) तळ्याकाठच्या गवतातच घरटं करतं. पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आसपास गावच्या तलावाकडे गेलात तर काठचं गवत पायानं तुडवू नका. लांबूनच बघा.

आता जेम्सटाउनच्या पश्चिमेकडे जूनमधली संध्याकाळ आहे असं समजा. इथं सूर्य रात्री साडेनऊच्या पुढे मावळतो. रस्त्यालगत एका शेतकऱ्याच्या घरात टेबलावर कागद पसरलेले आहेत. त्याच्या दीडशे एकर गवताचा दहा वर्षांचा करार येत्या सप्टेंबरात संपतोय. पुन्हा सही करायची, की नळ्या पुरणाऱ्या माणसाला फोन करायचा? बायकोनं एका कागदावर भाड्याचा आकडा लिहिलाय, दुसऱ्यावर मक्याचा भाव. मुलाच्या कॉलेजची फी तिसऱ्या कागदावर आहे. खिडकीबाहेर गवतातून एक निळ्या पंखांची टील मादी नऊ पिल्लं घेऊन निघाली आहे. तळं तीनशे मीटरांवर आहे, आणि मध्ये खडीचा रस्ता.